चौकटीचा गुणाकार आणि उभी मांडणी: दोन्ही एकच आहेत हे घरी कसं दाखवायचं?

कृष्णाकाठचे मास्तर (सांगली), रविवार सकाळ

चौथी-पाचवीच्या पालकांकडून हल्ली एकच प्रश्न फिरून फिरून येतो. शाळेत गुणाकाराला चौकटी काढायला लावतात, घरी आईबाबा उभी मांडणी शिकवतात आणि मूल दोन्हींच्या मधे अडकतं. "सर, काय ते एक सांगा," म्हणतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवलं, आता विश्रामबागेत घरी मुलं येतात, त्यामुळे हा गोंधळ रोज बघतो. माझं मत स्पष्ट आहे. एक निवडू नका. दोन्हीकडे गुणाकार तेच होतात, फक्त लिहायच्या जागा बदलतात. हे मुलाला एकदा डोळ्यांनी दिसलं की प्रश्न मिटतो. कसं दाखवायचं ते लिहितो, कागद-पेन्सिल घेऊन वाचलंत तर बरं.

दुकानातून आलेख कागद आणा. त्यावर बारीक चौकोन १ मिलिमीटरचे असतात आणि दर सेंटिमीटरला जाड रेघ असते. ४७ × ३६ घेऊ. दोन जाड रेघा छेदतात तिथून सुरुवात करून उजवीकडे ४७ मिमी आणि खाली ३६ मिमी असा आयत काढा. त्याच्या आत बारीक चौकोन किती, हाच आपला गुणाकार.

मूल एकेक मोजायला लागतं आणि दुसऱ्या ओळीतच कंटाळतं. कंटाळू द्या. मग जाड रेघांकडे बोट दाखवा. आयताच्या आत सेंटिमीटरचे पूर्ण चौकोन पडलेत: आडवे चार, उभे तीन, एकूण बारा. एकेकात शंभर बारीक घरं. म्हणजे १२०० तर न मोजताच हाती आली. उजवीकडे ७ मिमी रुंद पट्टी उरते, ती ३० मिमी उंच: २१०. खाली ६ मिमीची पट्टी, ४० मिमी लांब: २४०. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात ७ × ६ चा छोटा तुकडा: ४२. चारही भाग वेगवेगळ्या रंगांत रंगवायला लावा. रंगवताना मूल त्या भागांचे आकार बघतं, कोपरा किती चिमुकला आहे आणि मोठा भाग किती मोठा, हे त्याला आपोआप उमगतं.

आता तेच वहीत, मापाची फिकीर न करता:

× | ४० | ७
३० | १२०० | २१०
६ | २४० | ४२

इथपर्यंत शाळेत करून घेतात. पुढचं पाऊल बहुतेक ठिकाणी राहून जातं, आणि खरं मर्म तिथेच आहे. चौकटीतल्या आडव्या ओळींची बेरीज करा. वरची ओळ: १२०० + २१० = १४१०. खालची ओळ: २४० + ४२ = २८२. आता शेजारी उभी मांडणी करा. ४७ ला ६ ने गुणलं, २८२. दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात शून्य ठेवून ४७ ला ३ ने गुणलं, १४१०. खाली १६९२. चौकटीच्या दोन ओळी जशाच्या तशा उभ्या मांडणीत उतरल्यात.

मुलांना विचारून बघा, दुसऱ्या ओळीत ते शून्य किंवा फुली का लिहिता? "तसा नियम आहे" असंच उत्तर येतं. चौकट बघितलेलं मूल म्हणतं, तो ३ नाहीये, ३० आहे. हातच्याचंही तसंच. सात सक बेचाळीस, दोन लिहिले, हातचे चार. हे चार म्हणजे कोपऱ्यातल्या ४२ मधले ४० आहेत, ते शेजारच्या २४० मध्ये जाऊन बसले आणि २८ दशक झाले. हातचा कुठून आला आणि कुठे गेला हे ज्याला माहीत आहे, ते मूल हातचा विसरलं तरी उत्तर बघून आपलं आपण शोधून काढतं.

शंका असतील तर विचारा. वेळ मिळेल तसं उत्तर देईन.

हळदपेठ (सांगली)

मास्तर, चांगलं लिहिलंय, आणि आलेख कागद आजच आणतो. पण आमची अडचण वेगळी आहे. मुलीच्या शाळेत चाचणीत तिने उभ्या मांडणीने गुणाकार केला, उत्तर बरोबर होतं, तरी अर्धे गुण कापले. कारण काय, तर "चौकट पद्धतीने सोडवा" असं लिहिलं होतं. माझ्या बहिणीच्या मुलाच्या शाळेत याच्या उलट झालं, तिथे चौकट काढली म्हणून बाई रागावल्या. शाळांची नावं लिहीत नाही. पण अशाने मुलांना वाटतं की गणित म्हणजे बाईंना काय आवडतं ते ओळखायचं. याचा मला खरंच त्रास होतो.

मिरजकर आजोबा

आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी रोज संध्याकाळी दिवेलागणीला म्हणून घेत. दुकानात बसलो ते त्याच भांडवलावर. नातवाला २७ × १४ विचारलं तर तो पट्टी घेऊन चौकट आखायला बसतो. मी तोपर्यंत तोंडी सांगून मोकळा. आखणीत वेळ घालवण्यापेक्षा पाढे पक्के करून घ्यावेत असं माझं प्रामाणिक मत आहे. कुणाला कमी लेखायचा हेतू नाही.

कृष्णाकाठचे मास्तर

आजोबा, पाढ्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. चौकटीतही पाढेच लागतात. सात सक बेचाळीस येत नसेल तर कोपरा रिकामाच राहणार. पाढ्यांऐवजी चौकट असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

एक विचारू का? तुम्ही २७ × १४ तोंडी केलंत ते नेमकं कसं?

मिरजकर आजोबा

सत्तावीस दाहे दोनशे सत्तर. सत्तावीस चोक अष्टोत्तरशे. तीनशे अठ्ठ्याहत्तर.

कृष्णाकाठचे मास्तर

म्हणजे १४ चे तुम्ही १० आणि ४ केलेत. २७ चा पाढा पाठ आहे म्हणून तुम्हाला २७ फोडायची गरज पडली नाही, तुमच्या चौकटीला दोनच घरं पुरली: २७० आणि १०८. नातवाला अजून दहापर्यंतचेच पाढे पक्के आहेत, म्हणून त्याला २७ चेही २० आणि ७ करावे लागतात आणि घरं चार होतात. तुमचीच रीत तो एक पायरी जास्त घेऊन करतोय. पट्टी मात्र हातातून काढून घ्या, चौकट हातानेच काढायची असते, दोन रेघा मारल्या की झाली. आणि तुम्ही त्याच्याकडून पाढे म्हणून घ्या, ते काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करणार नाही.

हळदपेठ, तुमच्या लेकीच्या गुणांबद्दल वाईट वाटलं. उत्तर बरोबर, रीत बरोबर, तर गुण कापू नयेत असंच मी म्हणेन. मात्र "चौकटीने सोडवा" असं लिहिलेलं असेल तर त्या प्रश्नात बाईंना फोड समजलीय का तेवढं बघायचं असतं. भेटून शांतपणे बोला. लेकीला दोन्ही मांडण्या शेजारी-शेजारी लिहायची सवय लावा, मग कुणी कसंही विचारलं तरी तिचं अडणार नाही.

पलूसचा बागायतदार

मास्तर, तुमचं वाचून आमच्या द्राक्षबागेचा हिशेबच डोळ्यापुढं आला. बाग नऊ बाय पाचवर आहे, म्हंजे दोन ओळींत नऊ फूट आणि ओळीतल्या दोन झाडांत पाच फूट. जुन्या बागेच्या चाळीस ओळी, नंतर कडंला आठ वाढवल्या. मधनं ठिबकची सबमेन, म्हंजे मोठा पाइप गेलाय, त्याच्या अलीकडं प्रत्येक ओळीत वीस झाडं, पलीकडं सात. छाटणीवाले झाडावर मजुरी घेतात, तवा झाडं किती हे दरवेळी लागतं. वडील काय करायचे, जुन्या बागेत पाइपच्या अलीकडं ८००, पलीकडं २८०, नव्या ओळींत अलीकडं १६० आणि पलीकडं ५६. एकूण १२९६. शाळेत त्यांनी चौकट बघितलेली नव्हती, पण रानातच चार तुकडे पडलेले होते.

पोरगी पाचवीला आहे. काल तिला बागेत नेऊन हेच दाखवलं. म्हणाली, पप्पा, हे तर ४८ गुणिले २७ आहे. मला लई बरं वाटलं.

कृष्णाकाठचे मास्तर

दादा, यापेक्षा चांगला धडा मी देऊ शकत नाही. तुमच्याच आकड्यांवर पुढचं एक गणित मुलीला द्या. नऊ बाय पाच म्हणजे एका झाडाला ४५ चौरस फूट. १२९६ झाडांना ५८,३२० चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. तो गुणाकार तिला चौकटीत करू द्या: ९००, ९०, ९० आणि ९, म्हणजे १०८९. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून एकराचे ४३,५६० चौरस फूट. आपल्याकडे ४३,५६० हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो या ३३ × ३३ मधून येतो हे किती मुलांना ठाऊक असतं? आता ५८,३२० ला १०८९ ने भागलं की तुमची बाग साडेत्रेपन्न गुंठ्यांच्या आसपास येईल. सातबाऱ्यावरच्या आकड्याशी ताडून बघा, बांध आणि रस्ता धरून तिथे थोडं जास्त असणार.

अजिंक्यतारा (सातारा)

माझा मुलगा पाचवीत आहे, सैनिक स्कूलची सहावीची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. तिथे पर्याय निवडायचे असतात, मांडणी कुणी बघत नाही, वेळेला महत्त्व. क्लासचे सर म्हणतात चौकट विसरा. दुसरी गोष्ट म्हणजे तो चौकटीशिवाय तोंडी करायला गेला की २३ × १४ चं उत्तर २१२ सांगतो. वीस दाहे दोनशे, तीन चोक बारा. कितीदा समजावलं तरी पुन्हा तेच. काय करू?

कृष्णाकाठचे मास्तर

ताई, तुमच्या मुलाची ही चूक फार मोलाची आहे, कारण ती नेमकी कुठे आहे हे दाखवता येतं. तो दशकाला दशकाने आणि एककाला एककाने गुणतो, जसं बेरजेत करतात. बेरजेत ते चालतं, म्हणून त्याला इथेही चालेल असं वाटतं. तोंडी समजावून हे जात नाही. त्याला आलेख कागदावर २३ मिमी बाय १४ मिमीचा आयत काढू द्या आणि त्याने केलेले दोन गुणाकार त्यात रंगवायला सांगा. वरच्या डाव्या कोपऱ्यात २०० चौकोन रंगतील, खालच्या उजव्या कोपऱ्यात १२. उरलेला कागद पांढराच राहील. एक पट्टी ३ × १० ची, दुसरी २० × ४ ची. ३० आणि ८०. तो स्वतःच म्हणेल, हे राहिलं. उत्तर ३२२, आणि २१२ मध्ये कमी पडलेले ११० हेच दोन पांढरे तुकडे. "चुकलं" म्हणण्यापेक्षा "कुठला भाग रंगवायचा राहिला?" असं विचारा.

वेळेबद्दल. ज्या मुलाला चौकट समजलीय ते फार दिवस चौकट काढत नाही. आधी चार घरं, मग ओळींच्या दोन बेरजा, मग थेट उभी मांडणी, आणि सोपे आकडे असले की तोंडी. पर्यायांच्या परीक्षेत तर चौकटीचा आणखी एक उपयोग आहे. ६८ × ५३ विचारलं, तर सगळ्यात मोठं घर ३०००, आणि दोन्ही संख्या पुढच्या दशकापर्यंत वाढवल्या तर ७० × ६० = ४२००. उत्तर या दोहोंच्या मधेच हवं. एककाचं घर ८ × ३ = २४, म्हणजे शेवटी ४ हवा. चार पर्यायांतले दोन-तीन तिथेच गळतात. (उत्तर ३६०४.) क्लासच्या सरांना विरोध करू नका, पण घरी हे करून घ्या.

चौथीची आई (सातारा)

माझी मुलगी ४० × ३० चं उत्तर १२० लिहिते. शून्यं किती द्यायची ते कळत नाही. आणि मी "सत्तेचाळीस" म्हटलं की ७४ लिहून मोकळी.

कृष्णाकाठचे मास्तर

पहिल्याचं औषध वर दिलंय, तेच पुन्हा सांगतो. आलेख कागदावर ४० × ३० मध्ये सेंटिमीटरचे बारा चौकोन, आणि एकेका चौकोनात दहा बाय दहा म्हणजे १००. बारा दशकं नाहीत, बारा शतकं आहेत. शून्यं मोजायचा नियम नंतर सांगा, आधी एका जाड चौकोनात शंभर असतात हे तिला मोजून बघू द्या. एकदाच मोजलं तरी पुरतं.

दुसरं म्हणजे मराठीत एकक आधी बोललं जातं आणि दशक नंतर, त्यामुळे लहान मुलं अंक उलटे लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात रूढ नावांसोबत "वीस एक, वीस दोन" असं वाचन दिलं होतं, त्यावरून राज्यभर वाद पेटला होता. तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. रूढ नावं टिकायलाच हवीत असं मला वाटतं, पण गुणाकारापुरती ती फोड फार उपयोगी आहे. तिला सांगा: सत्तेचाळीस ऐकलं की चौकटीवर आधी ४० लिही, मग ७.

कराडकर

धागा वाचनखुणेत साठवला. थोडी भर घालतो.

ही फोड करून गुणायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) गुणाकाराचं उदाहरण १३५ × १२ असं दिलंय, आणि तो एकच गुणाकार वेगवेगळ्या रीतींनी करून दाखवलाय. एकात १२ चे ८ आणि ४ करायचे: १०८० + ५४० = १६२०. एकात १२ म्हणजे ३ × ४ धरून आधी तिपटीने ४०५, मग चौपटीने १६२०. एकात स्थानाप्रमाणे १ आणि २ वेगळे करून एक घर सरकवून मांडायचं, म्हणजे आपली उभी मांडणीच. आणि एकात १२ मध्ये ८ मिळवून २० करायचे, २७०० आले की त्यातून १०८० वजा. उत्तर प्रत्येक वेळी १६२०. १५४५ च्या सुमारास गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर जी टीका (म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं भाष्य) लिहिली तिच्यात तिरप्या रेघांच्या जाळीत गुणाकार मांडायची रीतही आहे.

तेव्हा चौकट ही कुठून तरी आणलेली नवी फॅशन आहे असं जे पालकसभेत ऐकायला मिळतं, ते मला पटत नाही. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी एका गुणाकाराला चार-पाच वाटा शिकवत होते, आणि आपण मुलाने दुसरी वाट धरली म्हणून गुण कापतो.

हळदपेठ

कराडकर, +१. शेवटचं वाक्य मी पालकसभेत वाचून दाखवणार.

कोरेगावची बाई

मी माध्यमिकला शिकवते. प्राथमिकच्या सगळ्या गुरुजींना आणि पालकांना हात जोडून सांगते, ही चौकट मुलांकडून नीट करून घ्या, कारण तिचं फळ आम्हाला मिळतं.

सातवी-आठवीत मुलं (अ + ब)² = अ² + ब² लिहितात. दरवर्षी, दर वर्गात. सूत्र पाठ असलेलीही लिहितात. मधलं २अब कुठे गेलं विचारलं तर गोंधळून बघतात. अजिंक्यतारा ताईंच्या मुलाचे २१२ आणि हे अ² + ब² ही एकच चूक आहे, दोन पांढऱ्या पट्ट्या राहिल्यात. मी फळ्यावर चौरस काढते, बाजू अ + ब, आत एक मोठा चौरस, एक छोटा चौरस आणि दोन आयत. ज्यांनी चौथीत चौकटी केल्यात ती मुलं बघता क्षणी म्हणतात, बाई, हे आम्हाला येतं. (क्ष + ५)(क्ष + ३) ची चार घरं: क्ष², ३क्ष, ५क्ष, १५. बेरीज क्ष² + ८क्ष + १५. पुढे अवयव पाडताना हेच उलट करायचं असतं: कोपऱ्यात १५ आहे, दोन पट्ट्या मिळून ८क्ष हवेत, तर बाजू कोणत्या?

मुलं वजाबाकीला अडतात. (५० − २)² चा चौरस कसा काढायचा? मी असं करते: कागदाचा ५० बाय ५० चा चौरस घ्यायचा, २५००. उजवीकडून २ ची पट्टी वजा करायची, १००. खालून २ ची पट्टी, आणखी १००. राहिले २३००. पण कोपऱ्यातला २ × २ चा तुकडा दोन्ही पट्ट्यांत मोजला गेला, म्हणजे दोनदा वजा झाला. तो एकदा परत द्यायचा, ४. उत्तर २३०४, म्हणजे ४८ चा वर्ग. वजा गुणिले वजा अधिक का, असं विचारणाऱ्या मुलाच्या हातात मी तो कोपरा कापून देते.

मिरजकर आजोबा

बाई, हा कोपरा परत देण्याचा भाग फार आवडला. नातवाबरोबर कात्री घेऊन बसतो.

अजिंक्यतारा

मास्तर, तुम्ही सांगितलं तसं रंगवून घेतलं. पांढरा भाग बघून तो म्हणाला, "आई, दोन खोल्या राहिल्या." तेव्हापासून २१२ आलेलं नाही. आता तीन अंकी संख्यांना किती घरं करायची? आणि मधे शून्य असेल तर? ४०६ × २३ मध्ये उभ्या मांडणीत तो शून्यावरून उडीच मारतो.

कृष्णाकाठचे मास्तर

तीन अंकी गुणिले दोन अंकी, सहा घरं. २३६ × ४८ घ्या. वरच्या ओळीत ८०००, १२००, २४०, बेरीज ९४४०. खालच्या ओळीत १६००, २४०, ४८, बेरीज १८८८. एकूण ११,३२८. इथे आकृती मापात काढायच्या भानगडीत पडू नका, २०० आणि ६ एका कागदावर मापात बसत नाहीत. माप दोन अंकी संख्यांपुरतं ठेवा.

मधल्या शून्याला चौकटीत घरच लागत नाही. ४०६ म्हणजे ४०० आणि ६. चार घरं: ८०००, १२०, १२००, १८. उत्तर ९३३८. त्याच्या उभ्या मांडणीत आकडा लहान आला की त्याला विचारा, ४०० विसाचे किती? आठ हजार. मग उत्तर आठ हजारांच्या खाली कसं?

तीन अंकी गुणिले तीन अंकीला नऊ घरं होतात, तिथे मी चौकट सोडून द्यायला सांगतो. नऊ संख्यांच्या बेरजेतच चुका जास्त होतात. तिथे उभी मांडणी आटोपशीर आहे, आणि तोवर मुलाला तिच्यातली प्रत्येक ओळ म्हणजे काय हे कळलेलं असतं.

पलूसचा बागायतदार

भागाकार पण असाच करता येतो का? पोरीला भागाकाराचा लई धसका हाय.

कृष्णाकाठचे मास्तर

येतो की. ९८६ ÷ २९ घ्या. तिला सांगा, एका आयताची एक बाजू २९ आहे आणि आत एकूण ९८६ घरं आहेत, दुसरी बाजू शोध. थोडा थोडा आयत बांधत जायचा. २९ × १० = २९०, म्हणून २९ × ३० = ८७०. हा पहिला तुकडा, लांबी ३०. उरले ११६. आता २९ × ४ = ११६, दुसरा तुकडा, लांबी ४. संपलं. दुसरी बाजू ३४.

तिला एकदम ३० सुचले नाहीत तर २० घेऊ द्या, मग १०, मग ४. तुकडे जास्त पडतील, उत्तर तेच येईल. भागाकाराच्या नेहमीच्या मांडणीत पहिला अंदाज चुकला की खोडरबर काढावा लागतो आणि मुलं तिथेच घाबरतात. इथे अंदाज कमी घेतला तरी काही बिघडत नाही, फक्त आणखी एक तुकडा जोडायचा.

बाकी उरते तेव्हाही आकृती उपयोगी पडते. ९८६ ऐवजी १००० घ्या. ३४ लांबीचा आयत झाल्यावर १४ घरं उरतात. पुढची उभी ओळ पुरी करायला २९ लागतात, आपल्याकडे १४ च आहेत, म्हणून ती बाकी. बाकी भाजकापेक्षा लहान का असते, हे तिला त्या अर्धवट ओळीकडे बघूनच कळेल.

पलूसचा बागायतदार

आज संध्याकाळी तिला तासगावच्या बेदाण्याच्या बॉक्सवर हेच गणित घालतो. जमलं का नाही ते इथंच कळवतो.